एका टर्मची खासदारकी आणि वकिली: निघण्याआधी काय करावे, परतल्यावर काय उरते

प्रश्न असा आहे. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात वीस-बावीस वर्षे दिवाणी आणि सहकाराची कामे पाहणाऱ्या एका सीनियर वकिलांना पक्षाकडून लोकसभेसाठी विचारणा झाली आहे. त्यांचे ज्युनिअर विचारतात: निवडून आले तर सनद (वकिलीचा परवाना) परत करावी लागते का? वकिली चालू ठेवता येते का? आणि पाच वर्षांनी तिकीट कापले गेले, तर कोर्टात पुन्हा बस्तान बसते का?

सनदेची चिंता सगळे करतात, पण तिला फारसा धोका नसतो. धोका असतो कपाटातल्या चालू फायलींना. त्यांची सोय उमेदवारी अर्ज भरण्याच्या आधीच्या दोन महिन्यांत केली नाही, तर पुढे पाच वर्षांत ती होत नाही. म्हणून या उत्तरात सर्वात जास्त जागा फायलींना दिली आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी की हिशेब एकाच टर्मचा धरायचा. हे निराशेने म्हणत नाही, जिल्ह्याचा इतिहासच तसा आहे. २००९ पासून सोलापूर आणि माढा या दोन्ही मतदारसंघांत लोकसभेच्या चार निवडणुका झाल्या आणि दोन्हीकडे चारही वेळा वेगळा खासदार निवडून आला. सोलापुरात २००९ ला सुशीलकुमार शिंदे, २०१४ ला ॲड. शरद बनसोडे, २०१९ ला डॉ. जयसिद्धेश्वर महास्वामी, २०२४ ला प्रणिती शिंदे. बनसोडे वकील, २०१४ ला सुमारे दीड लाखाच्या फरकाने निवडून आले, तरी २०१९ ला पक्षाने उमेदवार बदलला, आणि २०२४ ला पुन्हा बदलला. मताधिक्य मोठे असले म्हणजे दुसरी टर्म नक्की, असे इथे तरी धरता येत नाही. शिवाय आरक्षण आहेच. २००४ ला सुभाष देशमुख सोलापुरातून निवडून आले होते. २००९ ला पुनर्रचनेत मतदारसंघ अनुसूचित जातीसाठी राखीव झाला आणि त्यांना माढ्यातून लढावे लागले. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर पुढची पुनर्रचना होईल, तेव्हा आजचे आरक्षण तसेच राहील असे गृहीत धरून कुणी आयुष्याची आखणी करू नये.

आता सनद. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. खासदाराला वेतन मिळते, मग तो नोकर झाला का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अश्विनीकुमार उपाध्याय यांच्या याचिकेवर २५ सप्टेंबर २०१८ ला निकाल झाला: खासदार-आमदार हे कुणाचे पूर्णवेळ पगारी नोकर नव्हेत, वेतन मिळते म्हणून मालक-नोकर असे नाते तयार होत नाही, त्यामुळे वकिलीला बंदी नाही. प्राप्तिकरातही खासदाराचे वेतन ‘पगार’ या शीर्षाखाली धरत नाहीत, ‘इतर उत्पन्ना’त धरतात; मुद्दा तोच. मंत्रिपद मिळाले तर मात्र वकिली थांबवावी लागते. तेव्हा मूळ नोंदणी प्रमाणपत्र रजिस्टर पोस्टाने बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे पाठवून वकिली स्थगित करायची, आणि मंत्रिपद गेल्यावर प्रतिज्ञापत्रासह अर्ज करून ती पुन्हा सुरू करायची. पोस्टाची पावती आणि प्रमाणपत्राची छायांकित प्रत जपून ठेवावी. सात-आठ वर्षांनी हे कागद शोधताना फार दमछाक होते.

साखर कारखाना, बँक, पतसंस्था यांच्या खुर्च्यांबद्दलही इथेच सांगतो, कारण आपल्या जिल्ह्यात राजकारण म्हटले की त्या येतातच. वकिलाला कंपनीच्या संचालक मंडळावर बसता येते, अध्यक्षही होता येते, पण कार्यकारी स्वरूपाचे काम अंगावर घेता येत नाही. व्यवस्थापकीय संचालक तर मुळीच होता येत नाही. राजकारणातल्या वकिलाविरुद्ध तक्रार करणारा विरोधक आधी हीच जागा हुडकतो.

अर्ज भरण्यापूर्वी सरकारी पॅनेल सोडावे. जिल्हा सरकारी वकील, सहायक सरकारी वकील, विशेष सरकारी वकील म्हणून एकही नेमणूक चालू असेल, तर घटनेच्या अनुच्छेद १०२ खाली लाभाच्या पदाचा (सरकारकडून मोबदला मिळणारे पद असलेला माणूस खासदार होऊ शकत नाही, असा) आक्षेप येतो. नेमणूक लाभाचे पद ठरते की नाही, यावर न्यायालयांत दोन्ही बाजूंनी युक्तिवाद झालेले आहेत. पण उमेदवाराने स्वतःच्या अर्जावर तो वाद का ओढवून घ्यावा? पात्रता पाहतात ती छाननीच्या दिवशीची. म्हणजे राजीनामा दिला एवढे पुरत नाही, तो मंजूर झाल्याचे पत्र छाननीच्या आधी हातात हवे. विधी व न्याय विभागाकडून असे पत्र चार दिवसांत येत नाही. महापालिका, जिल्हा परिषद, राष्ट्रीयीकृत बँका यांची पॅनेलेही त्याच वेळी सोडलेली बरी.

राखीव जागेवर लढणार असाल तर जातीच्या दाखल्याची मूळ कागदपत्रे (आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी, महसुली उतारे) आधीच एका फायलीत लावून ठेवावीत. सोलापुरात हा विषय कागदावरचा राहिलेला नाही: २०१९ ला निवडून आलेल्या खासदारांचा दाखला जात पडताळणी समितीने फेब्रुवारी २०२० मध्ये अवैध ठरवला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. निकालानंतर निवडणूक याचिकेची मुदत ४५ दिवसांची असते, पण दाखल्याचा वाद ४५ दिवसांत संपत नाही. तो पूर्ण टर्म मागे लागू शकतो. अनामत २५ हजार, अनुसूचित जातीच्या उमेदवाराला साडेबारा हजार. खर्चाची मर्यादा ९५ लाख, हिशेब निकालापासून ३० दिवसांत. हिशेब चुकवला तर तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते. एवढे वकिलाला सांगावे लागू नये, पण प्रचारातून उठलेला माणूस थकलेला असतो आणि तीस दिवस भुर्रकन जातात.

आता फायली.

चालू कामांची एक वही करावी. डायरीवर भागवू नये, वेगळी वही घ्यावी. प्रत्येक कामापुढे पाच गोष्टी लिहाव्यात: टप्पा, पुढची तारीख, मुदतीचा शेवटचा दिवस, घेतलेली व राहिलेली फी, आणि पक्षकाराची मूळ कागदपत्रे आपल्याकडे आहेत का. मग टप्प्याप्रमाणे वाटणी करावी. कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) यायची आहे किंवा निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्ज चालायचा आहे, अशी कामे दुसऱ्या वकिलाकडे सुखाने जातात. युक्तिवादावर आलेले काम शक्य असेल तर स्वतःच संपवून जावे. खरी अडचण मधल्या कामांची. सरतपास (साक्षीदाराची पहिली जबानी) झाला आहे, उलटतपास अर्धा झाला आहे आणि मुख्य प्रश्न सीनियरच्या डोक्यात आहेत, असे काम ज्युनिअरच्या हाती तसेच दिले तर साक्षीदार सुटतो. अशा प्रत्येक फायलीत उरलेल्या उलटतपासाचे टाचण स्वतःच्या हाताने लिहून ठेवावे: कोणता दस्त दाखवायचा, कोणती कबुली घ्यायची, आणि कोणता प्रश्न मुळीच विचारायचा नाही. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच लिहायचा राहून जातो.

वकीलपत्र आपोआप संपत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३ नियम ४ प्रमाणे ते न्यायालयाच्या परवानगीने रद्द होईपर्यंत किंवा काम संपेपर्यंत चालू राहते. ‘साहेब आता दिल्लीला आहेत’ असे कारकुनाने तारखेला सांगितले म्हणजे जबाबदारी सुटली, असे होत नाही. पक्षकाराला लेखी नोटीस द्यावी, वकीलपत्र काढून घेण्याचा अर्ज द्यावा, नव्या वकिलाला ना-हरकत लिहून द्यावी, न केलेल्या कामाची फी परत करावी, मूळ खरेदीखते-उतारे पोच घेऊन द्यावेत. ज्युनिअरकडेच काम राहणार असेल तरी त्याचे नाव वकीलपत्रावर आधीच घालून घ्यावे आणि पक्षकाराला समोर बसवून सांगावे. आपल्याकडचा पक्षकार अक्कलकोटहून, मंगळवेढ्याहून एसटीने येतो. ज्या वकिलाकडे पाहून तो आला तो माणूस खुर्चीत नाही हे त्याला कोर्टाच्या पायरीवर कळले, तर तो पुन्हा त्या ऑफिसात पाऊल ठेवत नाही आणि गावालाही तसेच सांगतो.

बिघडते ते कसे, तेही पाहा. प्रचाराचे दोन महिने ऑफिसात कार्यकर्ते बसतात. कारकून गाड्या आणि परवानग्या सांभाळतो. या काळात एखादा दावा गैरहजेरीत काढून टाकला जातो. तो पुन्हा नंबरावर घेण्याची, म्हणजे पुन्हा चालू करून घेण्याची, मुदत ३० दिवस, एकतर्फा हुकूमनामा रद्द करून घ्यायलाही ३० दिवस. जिल्हा न्यायालयातले पहिले अपीलही ३० दिवसांत. व्यापारी दाव्यात कैफियतीला १२० दिवसांच्या पुढे एक दिवस मिळत नाही. निकालाचा गुलाल उतरेपर्यंत या मुदती संपलेल्या असतात. विलंबमाफीच्या अर्जात ‘वकील निवडणुकीत होते’ हे कारण लिहायची वेळ पक्षकारावर येते, आणि त्या एका ओळीने वीस वर्षांचे नाव जाते. त्यामुळे प्रचार सुरू झाला की एका ज्युनिअरला राजकारणापासून पूर्ण अलग ठेवावे. सभा नाही, बूथ नाही; सकाळी कोर्टाचा बोर्ड (त्या दिवशीच्या कामांची यादी) पाहायचा आणि संध्याकाळी वहीत पुढची तारीख लिहायची, एवढेच त्याचे काम.

निवडून आल्यावर किती वकिली होते? सतराव्या लोकसभेच्या पाच वर्षांत २७४ बैठका झाल्या, म्हणजे वर्षाला सरासरी ५५ दिवस. कागदावर पाहिले तर वेळ भरपूर दिसतो. प्रत्यक्षात वेळ खातो तो मतदारसंघ. सोलापूर शहर, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मोहोळ, पंढरपूर-मंगळवेढा एवढा पसारा. जानेवारीत गड्डा यात्रा, आषाढी-कार्तिकीला पंढरपूर, उन्हाळ्यात उजनीच्या पाण्याच्या बैठका, लग्नसराई, दशक्रिया. उलटतपास म्हणजे पूर्ण दुपार मोकळी हवी, तीही आधी ठरलेली. ती खासदाराला मिळत नाही. सल्ला, मसुदे, लवादाची एखादी सुनावणी एवढेच निभते. साक्षीपुराव्याची कामे या पाच वर्षांत नव्याने घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सभागृहात परवानगीशिवाय सलग ६० दिवस गैरहजर राहिल्यास जागा रिक्त घोषित होऊ शकते. त्याच्या उलट, अधिवेशन आहे म्हणून कोर्टाने पुढची तारीख द्यावीच, असा काही हक्क नाही.

पक्षकार आणि मतदार यांची सरमिसळ ही या पाच वर्षांतली सर्वात घातक गोष्ट. जुना पक्षकार येतो आणि म्हणतो, ‘साहेब, आमच्या प्रकरणावर संसदेत एक प्रश्न टाका.’ टाकू नये. प्रकरण न्यायप्रविष्ट असेल तर प्रश्न नियमांतच बसत नाही. नसेल, पण फी घेतलेली असेल, तर ती फी कशाची हे पुढे सिद्ध करत बसावे लागते. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून डिसेंबर २००५ मध्ये दोन्ही सभागृहांतल्या मिळून ११ सदस्यांची हकालपट्टी झाली होती, आणि २००७ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. मार्च २०२४ च्या सीता सोरेन निकालाने तर मतदानासाठी किंवा भाषणासाठी लाच घेणाऱ्याला सभागृहाच्या विशेषाधिकाराचे संरक्षण उरलेले नाही.

दुसरा धोका साधा दिसतो, पण परतल्यावर टोचतो. खासदाराच्या पत्रावर रोज शिफारशी जातात: प्रांताला, तहसीलदाराला, भूमी अभिलेखला, सहकार खात्याला. पाच वर्षांनी त्याच जमिनीचा वाद तुमच्याकडे वकील म्हणून येतो आणि समोरचा वकील फायलीतून तुमचेच पत्र काढतो. आता तुम्ही साक्षीदार होऊ शकता, आणि ज्या कामात आपण साक्षीदार ठरू असे वाटते ते काम घेऊ नये असा बार कौन्सिलचा नियम १३ आहे. यावर उपाय म्हणजे जावक रजिस्टर. तारीख, जावक क्रमांक, कुणाला, कुणासाठी, गाव, गट नंबर, विषय. ते पीएच्या ताब्यात राहू देऊ नये. वर्ष संपले की वही आपल्या ऑफिसात आणून कुलपात ठेवावी. नवे काम घेण्याआधी त्यात गाव आणि गट नंबर पाहायला पाच मिनिटे लागतात. वैयक्तिक जमीनवादात तर पत्र न दिलेलेच उत्तम. सार्वजनिक कामांवर मात्र खुशाल लिहावे.

वकील असण्याचा संसदेत खरा उपयोग विधेयके वाचण्यात होतो. स्थायी समितीपुढे विधेयक कलमवार येते. व्याख्येतला एखादा शब्द खाली कोर्टात काय गोंधळ घालतो हे ट्रायल कोर्टात काम केलेल्या माणसाला जेवढे दिसते तेवढे इतरांना दिसत नाही. खाजगी सदस्याच्या विधेयकाकडून फार अपेक्षा ठेवू नये. आजवर अशी १४ विधेयके कायदा झाली, शेवटचे १९७० ला. पण ते कुणाचे होते ते पाहा. आनंद नारायण मुल्ला, अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश, १९६७ ला लखनौहून अपक्ष म्हणून लोकसभेत आले आणि लोकसभेत त्यांची तेवढीच एक टर्म झाली. खालच्या कोर्टाने निर्दोष सोडलेल्या आरोपीला उच्च न्यायालयाने दोषी धरून जन्मठेप किंवा दहा वर्षांहून कमी नाही अशी शिक्षा दिली, तर सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क, हे त्यांच्या विधेयकाने मिळाले. आजही त्या हक्काने अपिले दाखल होतात. कोर्टात रोज टोचणारी एक नेमकी उणीव हेरली आणि तेवढ्यावरच विधेयक आणले, म्हणून ते पार पडले. एका टर्ममध्ये वकिलाच्या हातून एवढे घडू शकते, हे सीनियरना जरूर सांगा.

पैशाचे थोडक्यात. एप्रिल २०२३ पासून वेतन दरमहा १,२४,००० रुपये, अधिवेशनाचा दैनिक भत्ता २,५०० रुपये. मतदारसंघ आणि कार्यालयाचे भत्ते वेगळे. निवृत्तिवेतन ३१,००० रुपये, आणि त्यासाठी पाच वर्षे पुरी झालीच पाहिजेत असे नाही. शिवाय रेल्वे पास आणि वर्गणी भरून केंद्राची आरोग्य योजना. खासदार निधीचे वर्षाचे पाच कोटी खासदाराच्या हातात येत नाहीत. तो काम सुचवतो, मंजुरी आणि पैसा जिल्हा यंत्रणेकडे. चालत्या ऑफिसचे उत्पन्न या वेतनाने भरून निघत नाही, म्हणून ऑफिसचे भाडे, कारकुनाचा पगार आणि ज्युनिअरचा वाटा किमान दीड वर्ष पुरेल एवढी रक्कम निवडणुकीच्या खात्यापासून वेगळी बाजूला काढावी. तिला प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात हात लावू नये; तेव्हाच हात लावावासा वाटतो.

परतीची तयारी निकालानंतर नाही, चौथ्या वर्षी सुरू करावी. पाच वर्षांत कायदा केवढा सरकतो, हे २०१९ ते २०२४ ची टर्म आणि तिच्या मागोमागचे वर्ष पाहिले की कळेल. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम आले; तोंडपाठ असलेली कलमे सगळी बदलली. अपघात नुकसानभरपाईच्या अर्जाला एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आली, तिला आव्हानही दिले गेले आहे. ई-फायलिंग आले. आणि सोलापूरच्या वकिलासाठी सर्वात मोठा बदल म्हणजे १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची उच्च न्यायालयाची कामे तिथे गेली. पूर्वी सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई गाठायची आणि तिथल्या वकिलावर काम सोपवायचे. आता सांगोला-मिरजमार्गे पहाटे निघून स्वतः उभे राहता येते. परत येणाऱ्या माजी खासदाराला ही जागा उत्तम आहे, कारण जिल्हा न्यायालयातली त्याची जुनी जागा तोवर दुसऱ्यांनी घेतलेली असते.

पहिल्या वर्षी जुने दावे परत येत नाहीत. ज्याने पाच वर्षे काम सांभाळले त्याच्याकडेच ते राहतात आणि राहावेत. ज्युनिअरकडून फायली ओढून घेतल्या तर ऑफिस फुटते. सुरुवात स्थानिक निवडणूक वादांतून होते: ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १५ खालचे अर्ज (मुदत निकालापासून फक्त १५ दिवस), अतिक्रमणावरून १४(१)(ज-३) ची अपात्रता, खर्चाचा हिशेब न दिल्याची १४-ब ची प्रकरणे, आणि सहकार कायद्याच्या कलम ९१ खालचे वाद. निवडणूक आतून पाहिलेल्या वकिलाला यातला कागद लवकर वाचता येतो. स्वतःच्या पक्षाच्या माणसाविरुद्धचे काम आले तर काय करायचे, हे मात्र पहिल्याच महिन्यात ठरवून टाकावे आणि सगळ्यांना एकच उत्तर द्यावे.

दारावरची पाटी साधी ठेवा: नाव आणि ‘वकील’. नियम ३६ प्रमाणे पाटीवर किंवा लेटरहेडवर एखाद्या संस्थेशी असलेला संबंध, पूर्वीचे न्यायाधीशपद असले काही लिहिता येत नाही. ‘माजी खासदार’ हे शब्द त्याच नियमाच्या तोंडी जातात. तीन सिंहांची मुद्रा तर काढायलाच हवी. राजचिन्हाच्या २००७ च्या नियमांत माजी खासदारांना ती वापरण्यास नाव घेऊन मनाई आहे. जुन्या लेटरहेडचे उरलेले गठ्ठे फाडून टाकावेत, नाहीतर घाईत कारकून त्यावरच नोटीस टाइप करून पाठवतो.

आणि दिल्लीचे घर महिन्याभरात सोडताना भाडे, वीज, पाणी, टेलिफोन या चारही खात्यांची थकबाकी नसल्याची प्रमाणपत्रे त्याच वेळी घेऊन ठेवा. पुढच्या दहा वर्षांत विधानसभा किंवा लोकसभा लढवायची झाली, तर उमेदवारी अर्जासोबतच्या नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्राबरोबर ती लागतात, आणि सोलापुरात बसून छाननीच्या आठवड्यात ती मिळवणे जवळपास अशक्य असते.